परतीचा प्राणवायू

वसईत ‘परळला नेलंय’ एवढं कुणी सांगितलं की ऐकणारा पुढचा प्रश्न जरा जपूनच विचारायचा. परळ म्हणजे दोनच ठिकाणं: टाटा, नाहीतर केईएम. टाटा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. केईएम म्हणजे बाकी सगळं, आणि त्यात वरचा नंबर हृदयाच्या झडपेचा. १२ एप्रिल १८६७ रोजी पहिली उपनगरी गाडी विरारहून मुंबईला निघाली, तेव्हा ही लाइन पुढे आजारी माणसांचीही वाट होईल असं बीबीसीआय रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या मनात आलं नसणार. पण झालं तसंच. वसईची खाडी ओलांडायची, दादरला नाहीतर एल्फिन्स्टन रोडला उतरायचं आणि पेशंटला आधार देत परळ गाठायचं. त्या एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालं. वाट तीच राहिली.

झडपेच्या दुखण्याची सुरुवात साधी असते. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. पोर बरं होतं आणि घरचे विसरून जातात. दहा-पंधरा वर्षांनी तीच मुलगी लग्न होऊन सासरी जाते, पहिल्या बाळंतपणात तिला दम लागतो, उताणं झोपता येत नाही, आणि तेव्हा कळतं की हृदयाची मायट्रल झडप आकसून चिरेएवढी उरली आहे. हा संधिवाताच्या तापाचा आजार दाटीच्या, गरिबीच्या वस्त्यांचा. गिरणगावात तो होता, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर होता आणि वसईच्या पट्ट्यातही होता.

१९४८ च्या जून महिन्यात फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांनी धडधडत्या हृदयात शिरून अशी झडप मोकळी करून दाखवली. पन्नाशीच्या दशकात हे तंत्र मुंबईत रुजलं. हृदयाच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा जो भाग असतो, त्यातून बोट आत सारायचं आणि चिकटलेली पानं चाचपत सोडवायची. डोळ्यांना काहीच दिसत नाही. सगळी भिस्त तर्जनीवर. केईएममधले डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा यात हातखंडा होता. सेन जन्माने कोलकात्याचे, वाढले नागपुरात आणि डॉक्टर झाले ते परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. या कॉलेजाचा आणि केईएमचा पायाच मुळी असा की शिकवणारी सगळी हिंदी माणसंच असतील. साहेबाच्या राज्यात ही अट घालून १९२६ साली रुग्णालय उभं करणाऱ्यांचा ताठा सेन यांच्यात पुरेपूर उतरला होता. अमेरिकेत जे होतं ते परळात का होऊ नये, हा त्यांचा सवाल आयुष्यभर टिकला.

बोटाने झडप सुटते. भोक मात्र शिवता येत नाही. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक असेल तर ते डोळ्यांनी बघून बुजवावं लागतं, आणि बघायचं तर हृदय उघडायला हवं, रिकामं हवं. रक्त थांबलं की मेंदू तीन-चार मिनिटांच्या वर तग धरत नाही. एवढ्या वेळात शिवणार काय?

यावरचा पहिला उपाय होता बर्फ. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या मुलीचं शरीर थंड करून तिच्या हृदयातलं भोक बुजवलं. सेन यांनीही केईएममध्ये हीच वाट धरली. भूल दिलेल्या रुग्णाला गारठवून शरीराचं तापमान तीसेक अंशांपर्यंत उतरवायचं, मग रक्त अडवायचं आणि आठ-दहा मिनिटांत काम उरकायचं. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळणीला यामागचं शास्त्र समजावून सांगावं लागणार नाही. गारव्यात मासा टिकतो, कारण आतली सगळी उलाढाल मंदावते. पेशींची प्राणवायूची भूकही तशीच मंदावते. पण आठ-दहा मिनिटं म्हणजे घड्याळाशी झुंज. भोक अपेक्षेपेक्षा मोठं निघालं की सगळंच ओमफस.

दुसरा उपाय एका अमेरिकन सर्जनच्या डोक्यात वीस वर्षं घोळत होता. १९३१ साली बोस्टनमध्ये जॉन गिबन एका बाईच्या उशाशी रात्रभर बसून होते. तिच्या फुफ्फुसाच्या रोहिणीत रक्ताची गाठ अडकली होती आणि रक्त काळपट पडत चाललं होतं. ते काळं रक्त बाहेर काढून, प्राणवायू मिसळून पुन्हा शरीरात सोडता आलं तर? गिबन आणि त्यांची पत्नी मेरी यांनी मांजरांवर प्रयोग सुरू केले. पुढे यंत्र बांधायला आयबीएम कंपनी मदतीला आली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या मुलीचं हृदय २६ मिनिटं या यंत्राच्या भरवशावर राहिलं आणि तिच्या हृदयातलं भोक बुजलं. हृदय आणि फुफ्फुसं दोन्हींचं काम माणसाने बनवलेल्या वस्तूने केल्याचा हा पहिला यशस्वी दाखला. गिबनचे पुढचे रुग्ण मात्र दगावले आणि त्यांनी ते काम थांबवलं.

त्यांच्यामागे धावणारे दमले नाहीत. मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये यंत्राऐवजी बापाला किंवा आईलाच जोडलं. मुलाचं रक्त पालकाच्या शरीरात, तिथून लाल होऊन परत मुलाकडे. मधला पंप दूध-डेअरीत वापरतात त्या जातीचा. अशा ४५ शस्त्रक्रियांतले २८ रुग्ण वाचले. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव जाऊ शकतात म्हणून टीकाकारांनी त्यांना झोडपलं. मला मात्र यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलांना मिळणारं रक्त जिवंत फुफ्फुसातून आलेलं होतं आणि त्यात प्राणवायू निसर्ग देतो तेवढाच होता. ना कमी, ना जास्त. यंत्राने पुढे हे माप सोडलं.

ते सुटलं कसं, हे समजायला पंपाजवळ उभं राहावं लागेल. छातीचं हाड मधोमध कापून दोन बाजूंना फाकवलेलं असतं. वजनाच्या हिशेबाने हेपरिन दिलं जातं, कारण प्लास्टिकला लागताच रक्त गोठायला बघतं. हे हेपरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. आणि शेवटी त्याचा असर उतरवायला जे प्रोटामिन देतात, ते सामन माशाच्या नराच्या वीर्यापासून आलेलं. मासळीवर जगणाऱ्या वसईकराला हे सांगितलं तर तो क्षणभर का होईना हसेल. रक्त पुरेसं पातळ झाल्याची खात्री पटली की उजव्या कप्प्यातल्या नळीतून काळसर रक्त आपसूक खाली टाकीत उतरतं. रोलर नळी दाबत दाबत ते पुढे ढकलतो. हा रोलर मायकेल डिबेकी यांनी १९३४ साली रक्त चढवण्यासाठी काढला होता. मग ऑक्सिजनेटर, आणि तिथून लालभडक रक्त महारोहिणीत. ‘ऑन पंप’ म्हटलं की फुफ्फुसं थांबतात. महारोहिणीला क्लॅम्प लागतो. हृदयाच्या रोहिण्यांत पोटॅशियमचं द्रावण जातं, ज्याला थिएटरात सगळे नुसतं ‘प्लेजिया’ म्हणतात. मॉनिटरवरची नागमोडी रेघ सपाट होते. आता सर्जनला वेळ मिळतो, आणि हृदयाचा उपास सुरू होतो.

जुन्या यंत्रातला ऑक्सिजनेटर म्हणजे उघड उघड बुडबुड्यांचा खेळ होता. रिचर्ड डीवॉल यांनी १९५५ साली लिलेहाय यांच्या प्रयोगशाळेत बनवलेल्या साध्या नळ्यांच्या यंत्रात रक्तातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, मग सिलिकॉन लावलेल्या भागातून नेऊन फेस मारायचा. स्वस्त, सुटसुटीत, म्हणूनच हृदयाची शस्त्रक्रिया जगभर पसरली. प्राणवायूची काटकसर कुणी करत नसे. निरोगी माणसाच्या रोहिणीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटर असतो. पंपावरच्या रक्तात तो त्याच्या तिप्पट-चौपट झाला तरी कुणाच्या कपाळावर आठी पडायची नाही. प्राणवायू कमी पडल्याचं भय सगळ्यांना होतं. जास्त झाल्याचं भय कशाला वाटेल?

ते वाटायला हवं होतं, असं सांगणारी एक बाई त्याच सुमारास अमेरिकेत काम करत होती. अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी १९५४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं की प्राणवायूचा विषार आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींमागे एकच यंत्रणा असावी: मोकाट सुटलेले, एक इलेक्ट्रॉन कमी-जास्त असलेले, समोर येईल त्याला चावणारे कण. गिबनच्या ऑपरेशनला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच काळात काचपेटीत भरपूर प्राणवायूवर ठेवलेली अपुऱ्या दिवसांची बाळं आंधळी होतात, हेही लक्षात आलं होतं. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्येच ते दाखवलं होतं. बालरोगतज्ज्ञ सावध झाले. हृदयाचे सर्जन मात्र गुठळ्या, बुडबुडे आणि रक्तस्राव यांच्याशी लढण्यात बुडालेले होते, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. टेबलावरचा माणूस त्या तीन कारणांनी त्याच दिवशी मरत होता.

मुंबईत ही यंत्रं आली ती साठीच्या दशकाच्या सुरुवातीला. १९६१ साली नायर रुग्णालयात डॉ. के. एन. दस्तूर यांनी हार्ट-लंग मशीन लावून हृदय उघडलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. एन. गोपीनाथ त्याच सुमारास तेच करत होते. पहिला मान कुणाचा यावर जाणकार अजून वाद घालतात. घालू देत. यंत्र भरायलाच तेव्हा बाटल्याच्या बाटल्या ताजं रक्त लागे. रोज विरारच्या गाडीने जाणाऱ्या माणसाच्या घरात ऑपरेशन निघालं की सगळे नातेवाईक, गल्लीतली पोरं, गिरणीतले सोबती रक्त द्यायला जमत. एका हृदयासाठी अर्धी चाळ परळला.

सेन यांची धाव याहून पुढची. प्राणवायू हृदयाच्या स्नायूला पोहोचतो तरी कसा, हा प्रश्न त्यांनी मुळापासून विचारला. सापाच्या हृदयाला बराचसा रक्तपुरवठा थेट आतल्या पोकळीतून होतो, हे पाहून त्यांनी कुत्र्यांच्या आणि मग माणसांच्या हृदयस्नायूला सुईने भोकं पाडून बघितलं. १९६५ साली ते प्रसिद्धही झालं. भोकं बुजून जातात हे पुढे कळलं, पण ऐंशीच्या दशकात परदेशात लेसरने तेच करायला निघालेल्यांनी सेन यांचं नाव घेतलं.

मग १६ फेब्रुवारी १९६८. ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या केपटाउनमधल्या पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा अडीच महिने झाले होते. केईएममध्ये सेन यांनी एका तरुण शेतकऱ्यावर हृदयरोपण केलं. जगातलं सहावं, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेनंतर हे धाडस करणारा देश भारत. पथकात परुळकर, शरद पांडे असे पुढे स्वतःच्या बळावर नावारूपाला आलेले सर्जन होते. रुग्ण तीनेक तासांत गेला; फुफ्फुसांतला वाढलेला दाब नव्या हृदयाला झेपला नाही असं निदान झालं. सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण १४ तास जगला. मेंदूमृत्यूचा कायदा देशात यायला त्यानंतर २६ वर्षं जायची होती. या मृत्यूंचं खापर प्राणवायूवर फोडणं चुकीचं ठरेल. तरी एवढं खरं की दात्याचं हृदय काढल्यापासून ते नव्या छातीत रक्त मिळेपर्यंतचा उपास आणि त्यानंतरचं अचानक मिळालेलं जेवण, या दोन्हींचा हिशेब तेव्हा कुणाकडेच नव्हता.

तो हिशेब त्यानंतरच्या पंधरा वर्षांत मांडला गेला, आणि तोही बहुतेक प्रयोगशाळेतल्या माणसांकडून. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी अशा मोकाट कणांना आवरणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम ओळखलं. शरीरात असा पहारेकरी जागोजाग असेल तर चोर रोजच येत असला पाहिजे, हा त्यातला साधा निष्कर्ष. १९७३ मध्ये लंडनला डेव्हिड हर्स यांनी उंदराच्या हृदयावर दाखवलं की प्राणवायूविना तडफडणाऱ्या स्नायूला तो एकदम परत दिला की पेशी सावरण्याऐवजी फुटतात. आदल्याच वर्षी ह्यूस्टनचे डेंटन कूली यांनी ऑपरेशननंतर दगडासारख्या आवळून बसलेल्या हृदयांचं वर्णन केलं होतं. सर्जनांनी पाहिलेलं आणि प्रयोगशाळेत दिसलेलं आता जुळायला लागलं.

जुळणी साधारण अशी. उपासात पेशी आपलं इंधन मोडून खाते आणि उरलेल्या तुकड्यांचा साठा करून ठेवते. क्लॅम्प सुटतो, लाल रक्त धावत येतं, आणि त्या साठ्यावर प्राणवायू पडताच सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह सापडलं तर त्याहून जहाल हायड्रॉक्सिल तयार होतं. लोह सापडतंच, कारण रोलर आणि सक्शनमध्ये चिरडलेल्या तांबड्या पेशी ते सांडतात. शिवाय प्लास्टिकचा स्पर्श झालेल्या पांढऱ्या पेशी चवताळलेल्या असतात. जंतू मारायला राखून ठेवलेला तोच मारा त्या आपल्याच माणसावर करतात. मॅकॉर्ड यांनी १९८१ मध्ये या सगळ्यामागे झँथिन ऑक्सिडेज एन्झाइम असल्याचं मांडलं. मांजराच्या आतड्यावर ते चपखल बसलं. माणसाच्या हृदयात हे एन्झाइम फारच थोडं असल्याचं नंतर आढळलं, आणि अलीकडे संशयाची सुई पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाकडे वळली आहे. शास्त्रातल्या देखण्या उत्तरांचं असं पुष्कळदा होतं.

सर्जनांनी मात्र उत्तर पूर्ण व्हायची वाट बघितली नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. लंडनचे मेलरोज यांनी १९५५ मध्येच पोटॅशियम देऊन हृदय थांबवलं होतं, पण त्यांच्या कडक द्रावणाने स्नायूला इजा झाली आणि तो मार्ग सुटला. सत्तरीत सेंट थॉमस रुग्णालयात हर्स आणि ब्रेमब्रिज यांनी सौम्य द्रावण बसवलं. लॉस एंजेलिसच्या जेराल्ड बकबर्ग यांनी त्यात रक्तच मिसळलं. रक्तात पहारेकरी एन्झाइमं असतातच, ती फुकट मिळतात. क्लॅम्प काढायच्या आधी कोमट, पोटॅशियमयुक्त रक्ताचा एक घोट द्यायची पद्धत आली, म्हणजे हृदय ठोका घेण्याआधी नुसतं जेवेल. बुडबुड्यांच्या जागी पातळ पडद्याचे ऑक्सिजनेटर आले. नव्वदीच्या सुरुवातीला पिट्सबर्गमध्ये लहान मुलांसाठी पेद्रो देल निदो यांचं द्रावण निघालं. त्यात मुद्दाम मॅनिटॉल घातलेलं असतं, मोकाट हायड्रॉक्सिल टिपायला. भारतात ते आता मोठ्यांसाठीही सर्रास वापरतात, कारण एक डोस दिला की सर्जनला तासभर तरी सलग शिवता येतं.

याच काळात मुंबईत झडपांच्या जोडीला बायपासची लाट आली, आणि वसई-विरारच्या माणसाला परळशिवाय दुसरी नावं ठाऊक झाली. पुण्याचे नीतू मांडके हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं मराठी नाव. १९९६ साली बाळासाहेब ठाकरे यांची बायपास त्यांनी केली. २००३ च्या मे महिन्यात पंचावन्नाव्या वर्षी ते स्वतःच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. अंधेरीत त्यांनी उभारायला घेतलेलं रुग्णालय पुढे कोकिळाबेन अंबानींच्या नावाने सुरू झालं.

बायपासमध्ये हृदय उघडायचं नसतं, मग पंप हवाच कशाला? हा विचार लेनिनग्राडच्या कोलेसोव यांनी १९६४ मध्येच अमलात आणला होता. ब्राझीलचे बुफोलो आणि अर्जेंटिनाचे बेनेटी यांनी ऐंशीत तो पुन्हा उचलला. या कथेत अर्जेंटिना वारंवार येतो. गेर्शमन तिथल्या आणि क्लीव्हलँडमध्ये बायपासची घडी बसवणारे फावालोरोही तिथलेच. धडधडत्या हृदयावर टाके घालण्याचं हे काम मुंबईने मनापासून उचललं. एक ऑक्सिजनेटर वाचतो हा खर्चाचा मुद्दा होताच, पण बोटाने झडप सोडवणाऱ्यांच्या शहरात चालत्या हृदयाची भीती मुळातच कमी असावी, असं मला वाटतं. पंप नाही म्हणजे प्लास्टिक नाही आणि तो प्राणवायूचा पूरही नाही. रक्तातल्या खुणा तपासल्या तर ऑक्सिडेशनचा ताण खरोखरच कमी दिसतो.

तरी २०१२ मध्ये १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांच्या ‘कोरोनरी’ चाचणीचा निकाल आला, त्यात भारतातले रुग्णही मोठ्या संख्येने होते, आणि महिन्याभरातले मृत्यू, झटके, अर्धांगवायू यांत दोन्ही पद्धतींत म्हणावा असा फरक निघाला नाही. स्टेरॉइडने पांढऱ्या पेशींना शांत करायचा प्रयत्नही झाला. ७,५०७ रुग्णांवरच्या २०१५ च्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. व्हिटॅमिन सीने ऑपरेशननंतरचे अनियमित ठोके कमी होतात असं काही अभ्यास सांगतात, पण जीव वाचतो असं ठामपणे कुणी म्हणत नाही. ऑपरेशनच्या आधी घरच्यांनी संत्र्याचा रस पाजून ताण उतरेल, इतकं हे सोपं नाही.

३ ऑगस्ट २०१५ ला पुण्याहून विमानाने आलेलं हृदय डॉ. अन्वय मुळे यांनी मुलुंडमध्ये बसवलं आणि सेन यांच्या अपयशानंतर ४७ वर्षांनी मुंबईचं हृदयरोपण जमलं. दिल्लीत वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी रोपण केलं ती तारीखही ३ ऑगस्टच, १९९४ ची. मुलुंडच्या त्या हृदयासाठी वाहतूक थांबवून मोकळा केलेला रस्ता टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. ती सगळी घाई उपासाची मिनिटं कमी करण्यासाठी होती.

पंपावरचा वाद आता ऑक्सिजनच्या मिश्रणाच्या एका खटक्यापाशी येऊन थांबला आहे. पंप चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्टने तो किती फिरवायचा? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी २०१६ साली २९८ रुग्णांपैकी निम्म्यांना पंपावर नैसर्गिक मापाइतकाच प्राणवायू दिला आणि उरलेल्यांना नेहमीसारखा सढळ हाताने. मूत्रपिंडाच्या इजेत फरक पडला नाही. तेव्हापासून काही थिएटरांत खटका खाली आलाय, काहींत अजून जुन्याच जागी आहे, आणि तो कुठे ठेवायचा हे सर्जनपेक्षा बहुतेक वेळा पंपाजवळच्या स्टुलावर बसलेला माणूस ठरवतो.